भाताला गाजर लागलं

आठवड्याचा पौष्टिक स्वयंपाक रविवारीच उरकून ठेवा, असा सल्ला ज्या फोटोंसकट येतो त्या फोटोंत सगळं असतं. एका उंचीचे काचेचे डबे, डब्यांवर सुबक अक्षरातल्या चिठ्ठ्या, मागे लख्ख ओटा. फक्त मूल कुठे दिसत नाही. मूल असतं तर ओट्यावर निदान एखादं अर्धवट चघळलेलं बिस्किट तरी दिसलं असतं, आणि त्या सुबक चिठ्ठ्यांपैकी दोन त्याच्या कपाळावर असत्या.

सल्ला वाईट नाही. त्यातला 'आठवडा' वाईट आहे. शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये 4 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं तर तीन-चार दिवस खाण्याजोगं राहतं. त्यापुढचे डबे म्हणजे पौष्टिक स्वयंपाक नव्हे, जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक. म्हणून फ्रिजसाठी तीन दिवसांचा हिशेब धरायचा, पुढचं फ्रीझरमध्ये टाकायचं आणि बुधवारी वीस मिनिटांची छोटी फेरी करायची.

दुसरी गोम त्याहून मोठी. हे सल्लागार तयार पदार्थ डब्यात भरायला सांगतात: भात, गाजर, मटार, राजमा सगळं एकत्र, परतून, सात डबे. साधारण दोन ते सहा या वयात मुलं अनोळखी अन्नाकडे संशयानेच पाहतात. तो वाढीचाच एक टप्पा आहे, आपल्या संस्कारांचा पराभव नव्हे. पण या वयाच्या कायद्यात एक कडक कलम असतं: एका पदार्थाला दुसरा लागला की दोन्ही बाद. "भाताला गाजर लागलं!" असा पुकारा झाला की अपील नाही. एका मटारापायी अख्खं पातेलं गुन्हेगार ठरतं, आणि आपल्याकडे अशी सात पातेली तयार असतात.

माझं मत असं, की पदार्थ करूनच ठेवू नयेत. सुटे भाग करून ठेवावेत. एक धान्य, एक कडधान्य, अर्धा डझन अंडी, दोन-तीन भाज्या आणि एक वाटण. नकाराधिकार वापरला गेला तरी एकाच डब्यावर वापरला जातो, आणि मोठ्यांना तेच भाग एकत्र करून माणसांसारखं जेवता येतं.

कामाची सुरुवात शनिवारी रात्री होते आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. दीड कप कोरडा राजमा (शिजून साधारण चार कप होतो, दोन मोठी आणि दोन छोटी तोंडं सहज भागतात) किमान पाच तास, शक्यतो रात्रभर, भिजवावा लागतो. शनिवारी राजमा भिजत पडला नाही तर रविवारचं सगळंच भिजत घोंगडं. तसं झालं तर हट्ट सोडून मसूर घ्यावी. तिला भिजवण्याची गरज नसते आणि ती वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. राजम्याचं भिजवलेलं पाणी फेकायचं, नवं पाणी घालायचं आणि आधी खळखळून उकळायचं. कमीत कमी दहा मिनिटं, अर्धा तास उकळला तर आणखी बरं. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं पोट बिघडवणारं प्रथिन असतं. ते उकळीनेच मरतं, कोमट प्रेमाने नाही. सकाळी मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात कच्चा राजमा टाकून कामाला निघून जाण्याची युक्ती म्हणूनच धोक्याची. त्या भांड्यात राजमा मऊ होतो, लेक्टिन मात्र टिकून राहू शकतं, आणि मग रात्री सगळं घर उलट्यांनी जागं. प्रेशर कुकरला ही अडचण नाही.

राजमा गॅसवर चढला की दुसऱ्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं. त्यात आधी भाज्या, मग अंडी. पाणी तेच, गॅस तोच, आणि घासायला भांडं एकच. फ्रीझरमध्ये जाणाऱ्या भाज्या उकळत्या पाण्यातून काढाव्याच लागतात. मटार दीड मिनिट, गाजराचे तुकडे दोन, फरसबी आणि फ्लॉवरचे छोटे तुरे तीन मिनिटं. बाहेर काढल्या काढल्या तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात. ही पायरी गाळली तर भाजीतली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू काम करत राहतात. महिन्याभराने पिशवी उघडावी तर फरसबीचा रंग आणि चव दोन्ही गेलेली. मग भाज्या फडक्यावर कोरड्या करून ताटात एका थरात गोठवायच्या आणि नंतर पिशवीत भरायच्या. ओल्याच भरल्या तर मटाराची वीट तयार होते, आणि मंगळवारी संध्याकाळी आपण तीन मटारांसाठी ओट्यावर वीट आपटत असतो. काकडी आणि उकडलेल्या बटाट्याचे तुकडे फ्रीझरमध्ये घालू नयेत. काकडीचा लगदा होतो, बटाटा भगराळ होतो. उकडलेलं अंडंही नको, त्यातला पांढरा भाग रबर होतो.

भाजी चिरतानाही फोटोंचं ऐकू नये. गाजराच्या गोल चकत्या फोटोत छान दिसतात आणि लहान घशात नेमक्या अडकतात. लहानग्यांसाठी गाजर बोटांनी सहज चिरडेल इतकं शिजवलेलं आणि लांबट तुकड्यांत हवं. द्राक्षं उभी चार भागांत कापायची आणि अख्खे दाणे, शेंगदाणे, बदाम वगैरे पाच वर्षांखालच्यांना द्यायचेच नाहीत. एका वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, मग तो कितीही शुद्ध का असेना.

अंडी उकळत्या पाण्यात दहा-अकरा मिनिटं, लगेच गार पाण्यात. जास्त उकळली तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांचा तो संयोग असतो, आरोग्याला निरुपद्रवी आणि जेवणाला घातक, कारण चार वर्षांच्या परीक्षकाला रसायनशास्त्र पटवून देता येत नाही. कवचासकट ठेवली तर ती फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. कवचावर पेन्सिलीने खूण करायची. खूण करायची विसरली तर अंडं ओट्यावर फिरवून पाहायचं: सरळ गरगर फिरलं तर उकडलेलं, डुगडुगलं तर कच्चं. ही परीक्षा मुलांदेखत घेऊ नये. ती लगेच स्वतः घेऊन बघतात, जमिनीवर.

भात सगळ्यात शेवटी लावायचा, कारण तो शिजल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. शिजवल्याने ते मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्तास पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे 'पुन्हा नीट गरम केला होता' हा बचाव इथे चालत नाही. भात झाकून पातेल्यात ठेवला तर मधला गोळा कितीतरी वेळ उबदार राहतो. म्हणून पसरट ताटात बोटभर जाडीचा थर करायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये घालायचा. उद्याचा फ्रिजमध्ये, परवापासूनचा चपट्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये. गरम एकदाच, आरपार वाफ येईपर्यंत. आता ताट नेमकं मुलाच्या हाताच्या उंचीवर निवत असतं, ही अडचण कोणत्याही पुस्तकात नाही. उंच जागा आधी रिकामी करून ठेवावी.

वाटणात कांदा, टोमॅटो, लाल भोपळा आणि मूठभर मसूर शिजवून गुळगुळीत करायचं. मीठ-तिखट घालण्यापूर्वी मुलांचा वाटा बाजूला काढायचा. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून 2 ग्रॅम मीठ पुरे, चार ते सहाच्या मुलाला 3 ग्रॅम. त्यातलं बरंचसं पाव आणि चीजमधूनच पोटात गेलेलं असतं. बर्फाच्या ट्रेच्या एका खणात साधारण दोन मोठे चमचे मावतात, तेवढं एका मुलाच्या ताटाला बेताचं. डब्यात भरताना वर दोन बोटं जागा सोडावी, पाणी गोठताना फुगतं आणि काचेची बरणी तडकते. चिकटपट्टी डबा गार होण्याआधी लावायची. ओलसर थंड डब्यावर ती टिकत नाही, आणि फ्रीझरमधल्या सगळ्या लाल विटा सारख्याच दिसतात. टोमॅटो समजून स्ट्रॉबेरी भातावर पडू शकते. (मुलं ती खातील. तोच तर त्रास आहे.)

भाज्या अशा लपवण्यात पाप आहे का? माझ्या मते नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. मूल भाजी ओळखून खायला लागावं असं वाटत असेल तर ती उघड्या रूपात ताटात दिसावी लागते, आणि एखादी भाजी पटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही पानात यावी लागते. वाटी भरून वाढू नये. एक मटार वाढावा. खाल्ला तर टाळ्या नकोत, नाही खाल्ला तर भाषण नको. उचलावा आणि पुढच्या विषयाकडे वळावं. एका मटाराचा पराभव कोणत्याही आईबापाला सोसतो.

रोजचं काम मग पंधरा मिनिटांचं उरतं. मायक्रोवेव्हमध्ये कडा पेटतात आणि मध्य बर्फ राहतो, म्हणून मध्येच ढवळायचं आणि काढल्यावर दोन मिनिटं थांबायचं. 'गरम आहे' आणि 'गार झालं' या दोन तक्रारींच्या मधला काळ फार अल्प असतो, तो साधावा. कडधान्यावर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. अर्थात लिंबूही लागता कामा नये, शेजारी वाटीत. शाळेच्या थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी घालून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, ते ओतून वाफाळतं जेवण काठोकाठ भरायचं. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो आणि परत येताना पूर्ण भरलेलाच येतो.

मुलाच्या ताटातलं उरलेलं मात्र डब्यात परत टाकू नये, चमच्याबरोबर लाळ गेलेली असते आणि मूळ डबाही त्यामुळे लवकर बिघडतो. ते ओट्याशी उभं राहून संपवायचं, हेच आईबापांचं मुख्य जेवण. बुधवारपर्यंत उरलेला राजमा कुस्करून, थोडा भात आणि एक अंडं मिसळून त्याच्या टिकिया तव्यावर भाजाव्यात. त्यात गाजर किसून घातलं तर ते दिसत नाही. घातलंत हे सांगू मात्र नका.