देव सोडा, असं सांगणारे तुम्ही कोण?

आमच्या चित्रपट मंडळाच्या बैठकीत आज 'अ जिहाद फॉर लव्ह' महोत्सवाच्या यादीतून काढला. दोघं बोलले, बाकीचे चहा पीत राहिले, झाला निर्णय. घरी आले तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

समलिंगी मुस्लिमांवरचा हा माहितीपट २००७ सालचा. दिग्दर्शक परवेझ शर्मा भारतात जन्मलेला, स्वतः समलिंगी, स्वतः मुस्लिम. १२ देशांत, ९ भाषांत फिरून त्याने ही माणसं बोलती केली. कित्येकांचे चेहरे धूसर ठेवावे लागले. २००८ मध्ये सिंगापूरच्या महोत्सवात तो दाखवायला तिथल्या सेन्सॉरने मनाई केली. आपल्याकडे तर कुणी मनाई करायच्या आधीच आपण गुंडाळून ठेवला!

"वातावरण बरं नाही" हे कारण मी एक वेळ समजू शकते. सभागृह दुसऱ्याचं, दारावर उभी राहणारी पोरं कॉलेजातली. ठीक. पण दुसरं कारण आमच्यातल्याच एका पुरोगामी मित्राने दिलं. "ज्या धर्मात यांना जागा नाही, त्याच्या दारात हे रडत का बसतात? सोडावा की धर्म!" आणि माना डोलल्या.

माझा मामेभाऊ पखवाज वाजवायचा. गावच्या भजनी मंडळात, आषाढीला दिंडीत. लहानपणीच गळ्यात माळ घातलेली. त्याच्याबद्दल गावात कळलं तेव्हा बुवा एवढंच म्हणाले, "पखवाज आता दुसऱ्याकडे दे." पुढे तो पुण्याला आला. इथे त्याला त्याच्यासारखी माणसं भेटली, जिवाभावाची. आणि त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं, "आता तरी ती माळ काढ." मला फोनवर म्हणाला, "ताई, तिकडं पखवाज काढून घेतला, इकडं माळ मागतायत."

त्याला रडका म्हणणार का तुम्ही? अजून एकादशी धरतो. हरिपाठ खोलीत एकटाच म्हणतो. विठ्ठलाशी त्याचं काही बिनसलेलं नाही, बिनसलं ते बुवांचं.

या सिनेमात मुहसिन हेंड्रिक्स आहेत, दक्षिण आफ्रिकेतले इमाम. समलिंगी आहे हे जाहीर सांगून हा माणूस नमाज पढवत राहिला. १५ फेब्रुवारी २०२५ ला गाडीत बसलेले असताना त्यांना गोळ्या घालून ठार केलं. अशा माणसाला 'धर्म सोडायचा होता' म्हणून सल्ला देणार आपण, एसी सभागृहात बसून?

एका मुस्लिम मैत्रिणीचं म्हणणं होतं की दरवेळी आमच्याच धर्माची उणीदुणी पडद्यावर का? खरं आहे तिचं, नाही म्हणता येत नाही. हा सिनेमा बघून "बघा, ते असेच" म्हणणारे पहिल्या रांगेत असतील. म्हणून तो दाखवायचाच नाही? या सिनेमाचा निर्माता सँडी डुबाउस्की ज्यू आहे. कर्मठ ज्यूंमधल्या समलिंगींवर त्याने २००१ मध्ये माहितीपट केला होता. तोही लावा शेजारी. आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दल, हा गुन्हा नाही असं सांगणाऱ्या २००९ च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण कोण गेलं होतं, तेही सांगा लोकांना. ज्योतिषी होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, चर्चच्या संघटना होत्या. एरवी एका मांडवात न बसणारे सगळे तिथे एका बाजूला!

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तो मित्र वाईट नाही. मोर्च्यात सगळ्यात पुढे असतो, भावाला पुण्यात खोली त्यानेच शोधून दिली होती. म्हणूनच जास्त लागलं.

रविवारी पुन्हा बैठक आहे. मी लेखी मागणी देणार आहे. सिनेमा यादीत परत घ्या, संध्याकाळी सहाचा खेळ द्या, नंतर चर्चेला पुरेसा वेळ ठेवा. सही करायची असेल त्यांनी शनिवारपर्यंत मला कळवा. चर्चेला मामेभाऊ यायला तयार आहे. माळ घालूनच येईल.