हिटलरने स्वातंत्र्य दिलं म्हणे!

12 जानेवारीला सकाळी सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन आलो, चहा टाकला, फोन उघडला, तर आमच्या पेठेच्या ग्रुपवर तो मेसेज हजर. तसा तो अधूनमधून येतच असतो, यंदा नेमका याच दिवशी आला. मजकूर थोडक्यात असा : 'शाळेत शिकवत नाहीत ते सत्य! भारताला स्वातंत्र्य हिटलरमुळे मिळालं. मोर्चे, सत्याग्रह सगळा देखावा. हिटलर भारताचा हितचिंतक, नेताजींचा मित्र. त्याने इंग्रजांची तिजोरी रिकामी केली म्हणून ते पळाले. महायुद्धात आपलं काही गेलं नाही, उलट सोलापूरच्या गिरण्यांना सोन्याचे दिवस आले.' खाली नेहमीचं शेपूट : खरे भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा.

पाठवणारे काका वडिलांच्या वयाचे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत ग्रुपवर कुठे भांडत बसायचं, म्हणून तिथे गप्प बसलो. इथे बोलतो.

'देखावा' या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण तोच जास्त झोंबला. 6 एप्रिल 1930 ला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि गाव असं पेटलं की सरकारचा ताबाच सुटला, तो परत मिळवायला मार्शल लॉ पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला 30 जानेवारी 1933 ला. म्हणजे आपली चार माणसं फासावर जाऊन दोन वर्षं उलटल्यावर. काकांनी मेसेज पाठवण्याआधी पुतळ्याखालची तारीख वाचली असती तरी पुरे होतं.

आता हितचिंतक. नोव्हेंबर 1937 मध्ये ब्रिटनचे लॉर्ड हॅलिफॅक्स हिटलरला भेटायला गेले. हॅलिफॅक्स म्हणजे आपले जुने व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन, ज्यांच्या कारकिर्दीत सोलापुरात मार्शल लॉ लागला तेच. त्यांना हिटलरने भारताबद्दल सल्ला दिला : गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसचे डझनभर पुढारी मारा, तरीही नाही जमलं तर दोनशे. तिथे हजर असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलं आहे. भारत दुसऱ्या कुणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असं तर हिटलरने त्याच्या आधीच स्वतः छापून ठेवलं होतं.

नेताजींचं म्हणाल, तर जर्मनीने त्यांना बर्लिनमध्ये कचेरी दिली, रेडिओ दिला, युद्धकैद्यांतून फौज उभारू दिली आणि फेब्रुवारी 1943 मध्ये पाणबुडीतून पूर्वेकडे रवाना केलं. हे सगळं खरं. पण ज्यासाठी ते तिथे गेले होते, ती स्वतंत्र भारताची जाहीर घोषणा? 1942 च्या मे महिन्यात समोरासमोर भेट होऊनही हिटलरने ती केली नाही. पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली ती जपानच्या मदतीने. आणि त्याच जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 9 डिसेंबर 1942 ला चीनमध्ये गेले, वय अवघं 32. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या रोजच्या वाटेवर आहे. एका बाजूला नेताजी, दुसऱ्या बाजूला कोटणीस. दोघंही आपलेच, आणि दोघांपैकी कुणालाही हिटलरच्या खात्यावर टाकता येत नाही.

तिजोरीचा मुद्दा मात्र अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. युद्धाने ब्रिटन खरंच कर्जात बुडालं. 1946 मध्ये अमेरिकेकडून 375 कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं, आणि युद्धात कधी न झालेलं पावाचं रेशनिंग त्या वर्षी लंडनमध्ये सुरू झालं. पण कंगाल झालेला मालक वसाहत सोडतोच, असं कुठे आहे? हॉलंड तर हिटलरने अख्खंच गिळलं होतं. सुटका झाल्या झाल्या ते इंडोनेशियात फौजा घेऊन उतरलं आणि 1949 पर्यंत लढलं. फ्रान्सचीही तीच गत, तरी तो व्हिएतनाममध्ये 1954 पर्यंत आणि अल्जीरियात 1962 पर्यंत हटला नाही. पोर्तुगाल युद्धात उतरलाच नव्हता, त्याने गोवा 1961 पर्यंत धरून ठेवला. खुद्द ब्रिटनला मलायात आणि केनियात बंदुका चालवायला पैसे पुरले. मग इथेच का नाही? कारण इथे त्या बंदुका ज्यांच्या खांद्यावर होत्या त्यांचाच भरवसा उरला नव्हता. 1945 च्या अखेरीस लाल किल्ल्यात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला आणि देश खवळला. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नौदलाच्या 'तलवार' तळावरच्या खलाशांनी बंड केलं. त्याच्या मागे 1942 होतं, त्याच्या मागे 1930. युद्ध झालं नसतं तर साल 1947 च असतं का? कदाचित नसतं. एवढं मी काकांना खुशाल देतो.

राहिले सोन्याचे दिवस. गिरण्या जोरात चालल्या हे बरोबर, पण सोलापूर म्हणजे काय फक्त गिरणीमालक? आमची आजी साखर पेठेतली, माहेरी दोन हातमाग. ती सांगायची, माग तयार, माणसं तयार, सूत नाही. गिरण्यांचं कापड फौजेकडे जायचं, हातमागवाल्याला सूत मिळायचं ते काळ्या बाजारात. तिचे वडील पहाटे सुताच्या रांगेत पिशवी ठेवून यायचे, पिशवीवर दगड. मागाखालच्या खड्ड्यात म्हणे मांजर व्यायली होती, इतके दिवस त्यात कुणी पाय सोडला नव्हता.

आणि 'काही गेलं नाही'? भारताचे सुमारे 25 लाख सैनिक त्या युद्धात होते, त्यातले 87 हजारांच्या आसपास परत आलेच नाहीत. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. ब्रिटनने इथून माल आणि माणसं उचलली ती बहुतेक उधारीवर. युद्ध संपलं तेव्हा आपलं त्यांच्याकडे सुमारे 130 कोटी पौंड येणं होतं. ती उधारी पेलायला इथे नोटा छापल्या गेल्या, चलन सहापटीहून जास्त वाढलं, आणि महागाई आजीच्या घरात शिरली.

तेव्हाचे कायदेही युद्धाबरोबर संपले नाहीत. धान्य-कापडावरच्या नियंत्रणातूनच पुढे 1955 चा जीवनावश्यक वस्तू कायदा आला. जुन्या वाड्यांची भाडी तर 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला बांधली गेली आणि कित्येक दशकं तिथेच अडकली. घरमालक आणि भाडेकरू दोघांच्या नातवंडांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आजी शेवटपर्यंत रेशनच्या दुकानाला 'कंट्रोल' म्हणायची. काकांच्या घरीही तोच शब्द आहे. परवाच काकू जिन्यात भेटल्या, हातात पिशवी, म्हणाल्या, "कंट्रोलचे तांदूळ आलेत, चल लवकर."