कारकून कशाने मेला?

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना गोष्ट नकोच असते, तात्पर्य हवं असतं. तेही दोन ओळींत, वहीत उतरवून घेता येईल असं. ‘मॅडम, यातून आपल्याला काय शिकायला मिळतं?’ हा प्रश्न माझं पहिलं वाक्य वाचून व्हायच्या आत येतो. लहानपणापासून ससा हरतोय, कासव जिंकतंय आणि खाली जाड ठशात बोध छापलेला. पोरांनी तरी दुसरं काय मागावं?

म्हणून मी मुद्दाम रशियन लेखक चेखॉव्हची ‘कारकुनाचा मृत्यू’ ही गोष्ट घेते. 1883 सालची, जेमतेम दोन-तीन पानांची (पानं किती ते सांगितल्याशिवाय वर्ग कान देत नाही). एक कारकून नाटकगृहात दुसऱ्या रांगेत बसून संगीतिका बघत असतो. त्याला शिंक येते. पुढच्या रांगेतला म्हातारा हातमोज्याने टक्कल पुसतो, आणि तो निघतो बडा साहेब. कारकून माफी मागतो, साहेब म्हणतो असू दे. मध्यंतरात हा पुन्हा मागतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन मागतो. शेवटी साहेब ‘चालता हो’ म्हणून ओरडतो. कारकून घरी येतो, अंगावरचा गणवेशही न उतरवता सोफ्यावर आडवा होतो आणि मरतो. संपली गोष्ट.

‘पण मेला कशाने?’ शेवटचा बाक.

झालं! वर्गाचं पोलीस ठाणं होतं. हार्ट अटॅक. नाही, सर्दीचा न्यूमोनिया झाला, शिंक पहिल्यापासूनच होती ना! लेखक त्या वेळी डॉक्टरकी शिकत होता, ही माहिती मी पुरवली की आगीत तेल. ‘मग त्याला कारण माहीत असणार. लिहिलं का नाही?’

मी विषय वळवते. साहेबाच्या मनात काय चाललं असेल?

‘दिलेलं नाही.’

‘दिलेलं नाही’ ही या वयाची चिलखती ढाल. तिच्यावर आपटून भले भले प्रश्न परत येतात. गंमत म्हणजे, मैत्रिणीने ‘ओक्के’ऐवजी नुसतं ‘ओके’ पाठवलं तर हीच मंडळी त्या एका गायब ‘क’वर अख्खी दुपार चर्चा करतात. तिथे काय दिलेलं असतं?

मग मी फळ्यावर लिहिते. कारकुनाचा मेसेज: सॉरी सर. साहेबाचं उत्तर: ठीक आहे. पुढे ठसठशीत पूर्णविराम.

‘पूर्णविराम दिलाय? मग चिडलाय!’

‘छे, म्हातारी माणसं देतातच. माझे आजोबा वाढदिवसाच्या शुभेच्छांनासुद्धा देतात.’

‘त्याला गाणं ऐकायचंय. हा मध्ये मध्ये बोलतोय.’

आता पानं उलटायला लागतात, कुणी न सांगता. खिडकीजवळची एक मुलगी, जी एरवी वहीच्या मागच्या पानावर डोळेच डोळे काढत बसते, बोट ठेवून म्हणते, ‘पण मॅडम, हा तर दुसऱ्या खात्याचा साहेब आहे. त्याचा याच्याशी काही संबंधच नाही!’

गोष्टीत ते स्वच्छ लिहिलंय. कारकून स्वतःच मनाशी म्हणतो. मी मात्र जीभ चावून गप्प बसलेली असते, कारण ते मी सांगितलं की मेलंच.

‘मग एवढा घाबरतो कशाला?’

‘सवय असेल,’ शेवटचा बाक म्हणतो.

मी टेबलाची कड घट्ट धरते, नाहीतर नाचलेच असते. तेवढ्यात पहिला बाक पेन सरसावतो, ‘मॅडम, हे लिहून घ्यायचं का?’

चाचणीत मी तोच प्रश्न घातला, कारकून कशाने मेला? बऱ्याच जणांनी हृदयविकार लिहिला, दोघा-तिघांनी न्यूमोनिया. एका पठ्ठ्याने लिहिलं, ‘कारण दिलेलं नाही, पण साहेबाने त्याला मिठी मारून माफ केलं असतं तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला असता.’ त्याला मी पूर्ण गुण दिले. तेव्हापासून बाकीचे अर्धा अर्धा गुण वाढवून मागायला स्टाफरूमच्या दाराशी उभे असतात. ‘ठीक आहे, बघते,’ म्हटलं तरी मधल्या सुट्टीत पुन्हा येतात.