एका प्लॉटचे दोन करताना रेघ सगळ्यात शेवटी मारा

महिनाभरात तीन जणांनी मला जवळजवळ एकाच शब्दांत विचारलं, "राहता प्लॉट मोठा आहे, त्याचे दोन करायचेत. मधून रेघ मारली की झालं ना?" तिघांनाही फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं आणि नंतर मलाच चैन पडेना. म्हणून बसून लिहितोय. मी वकील नाही, सर्व्हेअरही नाही. पण आमच्या घरात ही रेघ एकदा चुकीच्या जागी मारली गेली, आणि ती पुसून नवी मारेपर्यंत दोन कुटुंबांचं काय काय झालं ते मी जवळून पाहिलंय.

बाबा आणि काका यांचा सामाईक प्लॉट. रस्त्याला ६० फूट, आत ११० फूट. पुढे जुनं घर, मागे मोकळी जागा. वाटणीच्या दिवशी दोघांनी मिळून टेप धरली, बरोबर ५५ फुटांवर खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. पुढचे ३३०० चौरस फूट बाबांचे, मागचे ३३०० काकांचे. एक शब्द वर-खाली झाला नाही. काकांनी मागे जायचं कुठून? तर घराच्या डाव्या अंगाला १७ फुटांची मोकळी जागा होती. "तिथून जा की, तुझीच आहे," बाबा म्हणाले. काकांनी मान डोलावली. वाटणीच्या कागदात मात्र हे वाक्य कुठेच आलं नाही.

चार वर्षांनी बाबांनी त्याच मोकळ्या जागेत बाहेरून जिना घेतला आणि जिन्याला लागून सामानाची खोली काढली. काकांना विचारून काढली. काका म्हणाले, "बांध की." १७ पैकी ८ फूट गेले, ९ उरले. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण लोकांना वाटतं अशी भांडणं लबाडीतूनच होतात.

बाबा गेले, काका थकले, आणि दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, मागे घर बांधायला काढलं. नकाशा मंजुरीला गेला आणि पहिलाच प्रश्न आला: या प्लॉटला रस्ता कुठून? कर्ज देणाऱ्यांनीही तेच विचारलं. वाट होती, पण ती माझ्या नावावरच्या जमिनीतून. मी लिहून द्यायला एका पायावर तयार होतो. पण नियमाला १२ फूट रुंद वाट हवी होती आणि माझ्याकडे ९ होते. ९ फुटांतून माणूस जातो, स्कूटर जाते. आगीचा बंब जात नाही.

वाटेचं हे गुऱ्हाळ चालू असतानाच दादाने पायाची आखणी करून एक चाचणी खड्डा घ्यायला लावला. मी तिथेच उभा होतो. साडेतीन-चार फुटांवर पहार एकदम खचकन आत गेली आणि गड्याने तोंडावर हात धरला. फुटलेल्या झाकणाखाली काळं पाणी दिसत होतं. ती आमच्या घराची मैलाटाकी होती, जुन्या काळी सोयीची म्हणून मागच्या मोकळ्या जागेत बांधलेली. वाटणी करताना जमिनीखाली काय आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे दादाची वाट माझ्या जमिनीतून, आणि माझा मैला दादाच्या जमिनीत. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला फार लागलं.

त्या खड्ड्याच्या काठावर मला जे कळलं ते असं. कागदावर आमचे दोन प्लॉट झाले होते, जमिनीवर एकच होता. उद्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याशी बोलणं टाकलं, तरी दोघांना घर बांधता यावं, राहता यावं, दुरुस्ती करता यावी, विकता यावं, तेव्हा ते खरे दोन प्लॉट. माझी एकमेव कसोटी ही आहे: दुसऱ्याला न विचारता. रस्त्यावर जायला, पाणी घ्यायला, सांडपाणी सोडायला, वीज ओढायला. यातलं एकही काम शेजारच्या मर्जीवर असेल तर वाटणी अजून व्हायची आहे.

आता वाटेबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिथेच अडतात.

मागच्या भागाला रस्त्यापर्यंत स्वतःच्या मालकीचा चिंचोळा पट्टा दिला की प्लॉटचा आकार काठीला बांधलेल्या झेंड्यासारखा दिसतो. अमेरिकेत त्याला झेंडा प्लॉटच म्हणतात, ऑस्ट्रेलियात त्याच आकाराला परशू म्हणतात. जपानमध्ये १९५० च्या इमारत कायद्याने साधा नियम घातला: घराची जागा किमान ४ मीटर रुंदीच्या रस्त्याला किमान २ मीटर भिडलेली हवी. त्यामुळे तिथे वाटण्या होता होता शेवटी मागच्या घराला बरोबर २ मीटरची काठी उरलेले असंख्य प्लॉट दिसतात. आणि जिथे तेवढीही भिडत नाही, तिथलं जुनं घर उभं राहू शकतं, पण पाडलं तर त्या जागी नवीन बांधता येत नाही. दहा-वीस सेंटिमीटर कमी पडले म्हणून वडिलांच्या जागेवर मुलाला घर बांधता येत नाही, याचा विचार करा. ते दहा-वीस सेंटिमीटर वाटणीच्या दिवशी फुकट मिळत होते.

लोक म्हणतात, वाट अडवली तर कायदा आहे ना. आहे. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातलं कलम १३ गरजेपोटीची वाट मान्य करतं. फ्रान्सच्या नागरी संहितेत तर कलम ६८४ आहे: एका जमिनीची वाटणी झाल्यामुळे एखादा तुकडा कोंडला गेला असेल, तर त्याने वाट त्या वाटणीतल्याच दुसऱ्या तुकड्यातून मागायची, तिऱ्हाईत शेजाऱ्याकडे जायचं नाही. मला हे कलम फार पटतं. कोंडी ज्यांनी केली त्यांनीच ती फोडावी. पण हे हक्क मिळवायला भावाविरुद्ध दावा लावावा लागतो, आणि मिळते ती जायची वाट. बांधकामाच्या नियमाला लागणारी रुंदी त्यात मिळेलच असं नाही.

म्हणून वाट द्यायची तर पट्ट्याची मालकीच द्या. ते जमत नसेल तर वहिवाटीचा हक्क नोंदवलेल्या दस्तात लिहा: रुंदी किती, गाडी जाणार की नाही, खालून नळ आणि केबल टाकता येतील की नाही, दुरुस्तीचा खर्च कोण करणार, आणि तिथे काहीही बांधायचं नाही. शेवटचा मुद्दा आमच्या कागदात असता तर बाबांनी खोली दुसरीकडे काढली असती. तेवढंच.

दुसरी चूक म्हणजे क्षेत्रफळाची समसमान वाटणी. ३३०० आणि ३३०० हे आकडे दिसायला सारखे आहेत. आम्ही शेवटी जी नवी रेघ मारली तिचाच हिशोब देतो. मागच्या प्लॉटला १२ फुटांचा पट्टा मालकीने दिला आणि तरीही दोघांचं क्षेत्रफळ ३३०० च ठेवलं. मग पुढचा प्लॉट ४८ फूट रुंद आणि ६८ फूट ९ इंच खोल झाला. मागचा ६० फूट रुंद आणि ४१ फूट ३ इंच खोल, अधिक तो पट्टा. पट्ट्यातच दादाचे ८२५ चौरस फूट गेले, म्हणजे त्याच्या जमिनीचा चौथा हिस्सा, ज्यावर वीटही ठेवता येत नाही. आता सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत नियमाने मोकळी सोडायची जागा, वजा करा, पुढे-मागे १० फूट आणि दोन्ही बाजूंना ५. माझ्याकडे बांधायला साधारण १८५२ चौरस फूट राहतात, दादाकडे १०६२. जमीन तेवढीच, पण घरात पावणेदोन पटींचा फरक! मधोमध उभी रेघ मारून ३० फुटांचे दोन लांब प्लॉट केले असते तर दोघांना सारखेच १८०० मिळाले असते आणि वाटेचा प्रश्नच आला नसता. पण जुनं घर नेमकं त्या रेघेवर बसलं होतं.

म्हणून आम्ही दोन्ही भागांचं मूल्यांकन करून घेतलं आणि फरकाची रक्कम मी दादाला दिली. वहिनी नको नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही, आणि त्या एका गोष्टीचं मला आजही बरं वाटतं.

नवी हद्द जुन्या घराचं काय करते हेही बघायला लोक विसरतात. आमच्या घराची मागची भिंत रस्त्यापासून ५० फुटांवर. ५५ वर रेघ मारली आणि मागे ५ फूट उरले, जिथे नियम १० चा होता. म्हणजे सकाळपर्यंत नियमात असलेलं घर वाटणीच्या सहीने नियमाबाहेर गेलं, एक वीटही न हलवता. हे आम्हाला कळलं ते इतक्या वर्षांनी, दादाच्या नकाशाच्या निमित्ताने.

जमिनीवर कर्ज असेल तर सावकाराची संमती आधी घ्या. तारण अख्ख्या प्लॉटवर असतं, तुम्ही दोरी ताणलीत म्हणून ते आपोआप अर्ध्यावर येत नाही.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं. जमिनीचा उतार वाटणी ओळखत नाही. फ्रान्सच्या त्याच संहितेचं कलम ६४० सांगतं की वरच्या जमिनीवरून आपसूक येणारं पाणी खालच्याने घ्यायचं, आणि वरच्याने ते ओझं वाढवायचं नाही. मोकळ्या जागेत छप्पर आणि फरशी आली की जे पाणी मुरत होतं ते धावायला लागतं, आणि खालच्याच्या उंबऱ्याशी येतं. दोन्ही घरं उभी राहिल्यावर पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठून कुठे जाईल, ते वाटणीआधी एखाद्या पावसात छत्री घेऊन उभं राहून बघा. मागचा भाग रस्त्यापेक्षा सखल असेल तर त्याचं सांडपाणी रस्त्यावरच्या मलवाहिनीत आपोआप चढणार नाही. पंप लागेल, नाहीतर दुसरा मार्ग शोधावा लागेल. आमचा उतार रस्त्याकडे होता, तेवढं नशीब.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी प्लॉट तोडण्याच्या विरुद्ध आहे. उलट आहे. मोठ्या प्लॉटच्या मागच्या भागात तण वाढतं आणि घरातल्याच मुलांना मात्र गावाबाहेर दूर जागा शोधावी लागते, हे मला पटत नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने १९९८ मध्ये शहराच्या आतल्या भागात प्लॉटची किमान मर्यादा ५००० चौरस फुटांवरून १४०० पर्यंत खाली आणली आणि २०१३ मध्ये ती सवलत बाहेरच्या भागांनाही दिली. एका घराच्या जागी दोन-तीन अरुंद, उंच घरं उभी राहिली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून एका घराच्या प्लॉटचे दोन करायला कायद्यानेच वाट मोकळी केली. त्यातल्या अटी मला शहाणपणाच्या वाटतात: प्रत्येक भाग किमान १२०० चौरस फुटांचा, लहान भाग मूळ प्लॉटच्या ४० टक्क्यांहून कमी नको, एकदा तोडलेला प्लॉट याच सवलतीत पुन्हा तोडायचा नाही, आणि अर्ज करणाऱ्याने तिथल्या एका घरात तीन वर्षं राहण्याचा इरादा शपथेवर लिहून द्यायचा. तोडणारा तिथेच राहणार असेल तर वाट आणि गटार तो नीट बघेल, हा विचार मला आवडतो.

आणि नियम टाळून आडवाटेने केलेल्या वाटण्यांचं काय होतं ते न्यूझीलंडमध्ये दिसतं. तिथे रीतसर पोटविभागणीची कटकट नको म्हणून लोकांनी जमीन सामाईकच ठेवली आणि आपापलं घर एकमेकांकडून, बहुधा ९९९ वर्षांच्या, भाडेपट्ट्याने घेतलं. त्या वेळी स्वस्तात काम झालं. आज त्यातल्या एकाला घराला खोली जोडायची म्हटली तरी दुसऱ्याची संमती लागते, कारण पट्ट्याच्या नकाशात घराचा जुना आकार आहे. आमच्या बोळाचीच गोष्ट, फक्त कायद्याच्या भाषेत लिहिलेली.

मग क्रम काय ठेवायचा? आधी दोन्ही भागांवर दोन घरं कागदावर काढा, सामासिक अंतरांसकट. मग दोन्ही घरांतून रस्त्यापर्यंतची वाट काढा. मग पाणी, सांडपाणी, वीज यांच्या रेघा, जुन्या आणि नव्या. हे सगळं एकमेकांना न ओलांडता बसलं की हद्द कुठून जायला हवी ते बहुतेक वेळा दिसायला लागतं. नाहीच बसलं तर तो प्लॉट एकच राहू द्या, किंवा एकाने दुसऱ्याला विकून टाका. रीतसर मोजणी, मंजुरी आणि नोंद त्यानंतर. "भाऊच आहे, कागद कशाला" हे वाक्य आमच्या घरात म्हटलं गेलं होतं. बाबा आणि काका यांच्यात ते खरंही होतं. पण त्या जमिनीवर राहायचं होतं आम्हाला.

आमचं शेवटी निभावलं. जिना आणि खोली मी पाडली, जिना घरातून घेतला. मैलाटाकी उपसून भरून टाकली. रस्त्याला मलवाहिनी आलेली होतीच. माझी नळी माझ्या अंगणातून गेली, दादाची त्याच्या पट्ट्याखालून. मोजणीच्या दिवशी नवे दगड बसले तेव्हा काकांना खुर्ची टाकून अंगणात बसवलं होतं. त्यांनी जुनी खुंटी कुठे होती ते बरोबर दाखवलं.

तुम्हा तिघांना: येत्या रविवारी मी येतो. टेप काढू नका. अंगणातल्या सगळ्या चेंबरची झाकणं तेवढी उघडून ठेवा.