कुपवाडात ॲसिडच्या कामाला लागलाय? मग हे वाचाच

कुपवाड एमआयडीसीत नवीन लागलाय, ते पण पिकलिंगला, म्हणजे स्टील ॲसिडात बुडवून गंज काढायच्या कामाला? अभिनंदन भावा. आता जुन्या माणसाचं जरा ऐक, भिंतीवरच्या पोस्टरचं नको, ती ४ मार्चला सेफ्टी डेच्या फोटोसाठी लावल्यात.

पहिलं म्हणजे गॉगल, ग्लोव्हज मागायचे नाहीत. स्टोअरच्या कपाटात कोरे करकरीत ठेवलेत, इन्स्पेक्टर साहेब येणार म्हटल्यावर निघतात, तू वापरलेस तर मळतील ना. तोंडाला रुमाल बांध, ॲसिडची वाफ रुमालाला लय घाबरते. पाण्यात हळूहळू ॲसिड सोडायचं हे शाळेतलं, शाळेला कुठं टार्गेट असतं, आपण ॲसिडवर धडाधड पाणी ओतायचं. उरलेलं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेव, लेबल कशाला, तहानलेला माणूस ओळखतोय की बरोबर.

कॉस्टिक सोडा उडाला आणि हात साबणासारखा बुळबुळीत लागला तर खुश व्हायचं, दुखत नाही म्हणजे काय झालं नाही. (आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो तो, आणि ते आत आत उतरत राहतं, पण शिफ्ट सुटायला अजून टाइम आहे.) वीस मिनिटं नळाखाली हात धरून उभं राहणं म्हणजे कामचुकारपणा, त्यापेक्षा हळद लाव, २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, काय उगाच मिळालं का. डोळ्यात गेलं तर डोळे धुवायचा नळ, आयवॉश, आहेच, फक्त त्याच्यासमोरचे ड्रम हलवायला चार माणसं बोलवून आण.

स्टेनलेसच्या पिकलिंगला नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक असतं, त्याचं तर नावच विचारू नको. पातळ असलं तर आधी आग पण होत नाही, रात्री घरी जाऊन जेवायला बसलास की बोटं आतनं ठणकायला लागतात, कारण ते आत जाऊन अंगातलं कॅल्शियम धरतं, जास्त झालं तर हृदय बंद. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात म्हणे, पण ते फर्स्ट एडच्या पेटीत ठेवलं की चार पोरं विचारणार हे कशाला, त्यापेक्षा पेटीत झंडूबिंडू बरं.

दवाखान्यांना मिरजेत तोटा नाही, नेतील तुला. डॉक्टरनं काय सांडलं विचारलं तर आंघोळीचं पाणी म्हणायचं, कॉन्ट्रॅक्टर शेजारी असतोच आठवण करायला. ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, तुझं नाव पण तो त्याच दिवशी घालतो, जॉइनिंग आजचीच.

आणि सुट्टी अजिबात मागू नको. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासून चालत आलेली खोच आहे, जखमी माणूस ४८ तास कामाला नाही आला की अपघात कळवावा लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी येईल, बँडेज सांभाळत ऑफिसात पंख्याखाली बसायचं, चहा पण मिळतो. फक्त उजवा हात भाजला असेल तर एचआरला आधी फोन कर, डावा अंगठा हजेरीच्या थंब मशीनला फीड करून घ्यावा लागतो.