पोनी उंच हवी

पहाटेचे साडेचार. डॅलसच्या एका हॉटेलात, बाथरूमच्या पिवळ्या उजेडात मी दहा वर्षांच्या लेकीची पोनी बांधतोय. चौथ्यांदा. आज तिची चीअरलीडिंगची स्पर्धा. कोचने ग्रुपवर फोटोच पाठवलाय: पोनी थेट माथ्यावर, एक केस सुटा नको, आणि वर तळहाताएवढा चमचमता बो, म्हणजे रिबिनीचं फूल. बायकोची हॉस्पिटलात वीकेंड ड्यूटी, म्हणून हे खातं माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरवाला. मला गाठ येते ती फक्त बुटाच्या नाडीची.

"बाबा, लो आहे."

"अगं, आणखी वर नेली तर कपाळावर येईल."

"लोच आहे."

मग हेअरस्प्रे. इतका, की माझा चष्मा आंधळा झाला आणि तिच्या डोक्यावर टिचकी मारली तर टक् वाजलं. ग्लिटरबद्दल न बोललेलं बरं. हळद एकवेळ धुऊन निघते.

चीअरलीडिंग म्हटलं की आपल्याकडे आयपीएलमध्ये षटकारानंतर नाचणाऱ्या मुली आठवतात. त्यामुळे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा साताऱ्याची लाइन बराच वेळ गप्प होती. शेवटी व्हिडिओ पाठवला. खाली उचलणाऱ्या दोघी बेस, मागून आधार देणारी बॅकस्पॉट आणि त्यांच्या हातांवर, एका पायावर उभी फ्लायर, म्हणजे आमची लेक.

"अरे, ही तर दहीहंडी! हंडी कुठाय?"

हंडी नाही, जज असतात. आणि गंमत अशी, की या स्पर्धेच्या चीअरलीडिंगमध्ये चीअर कुणासाठीच नसतं. मैदान नाही, मॅच नाही, पोरी कुठल्याच टीमसाठी ओरडत नाहीत. ओरडायचं काम आईबापांचं, तेही तिकीट काढून. हॉटेलसुद्धा आयोजकांच्या यादीतलंच घ्यायचं, नाहीतर टीम बाद.

बरं, हा सगळा उद्योग पुरुषांचा. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने अमेरिकन फुटबॉलच्या गर्दीपुढे उभं राहून लोकांना घोषणा द्यायला लावल्या. पुढे १९४८ साली टेक्सासच्याच लॉरेन्स हर्किमरने चीअरलीडिंगची शिबिरं सुरू केली. एका उडीला आजही 'हर्की' म्हणतात. दोघांपैकी कुणालाही पोनी बांधावी लागली नसणार.

आमच्या घरात गेले आठ महिने सगळं आठाच्या मोजणीवर चालतं. जिना चढताना पाच-सहा-सात-आठ, दात घासताना पाच-सहा-सात-आठ. भाकरीसुद्धा मी आता आठ मोजून उलटतो. एवढं सगळं कशासाठी, तर मॅटवरच्या अडीच मिनिटांच्या रूटीनसाठी. त्याहून एक सेकंदही जास्त चालत नाही.

आमचा नंबर सकाळी आठला. ज्यांची टीम मॅटवर, त्यांच्या पालकांना तेवढ्यापुरतं पुढे उभं राहू देतात. संगीत असं, की बरगड्या हलाव्यात. चोपन्न फूट रुंद निळ्या मॅटवर वीस पोरी, वीस बो. लोक कोलांट्या बघत होते, पिरॅमिड बघत होते. मी फक्त एक बो बघत होतो. ती वर गेली, पाय कानाशी नेला, हसली. बो जागेवर. मग तिला हवेत उडवलं. मी श्वास सोडला तेव्हा पोरी मॅटवरून पळत बाहेर निघाल्या होत्या. रूटीन कसं झालं ते मला आजतागायत माहीत नाही. पोनी पक्की होती.

थोड्या वेळाने कोच धावत आली. "हिट झीरो!"

म्हणजे वजावट शून्य. कुणी पडलं नाही, काही निसटलं नाही. आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. माझे डोळे हेअरस्प्रेमुळे पहाटेपासून गळतच होते, त्यामुळे मी आपोआप त्यात सामील झालो.

लगेच आईला फोन लावला. तिकडे रात्रीच्या जेवणाची पानं घेणं चाललं होतं.

"काय रे, किती मिळाले?"

"शून्य!" मी आनंदाने ओरडलो.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "असू दे. रागावू नकोस हं तिला. तूही सहावीला भूमितीत..."

मी घाईघाईने फोन लेकीच्या हातात दिला.