बोटांना खिडकी दिसत नाही

मार्चअखेरीला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या कुठल्याही अडतीच्या दुकानात डोकवा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाऊचरं म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, एक्सेलमध्ये हळदीच्या पट्ट्यांचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबचिठ्ठ्यांचा ताळा, वर्डमध्ये बँकेला द्यायचं पत्र, ब्राउझरात कुठलं तरी पोर्टल. एका पडद्यावर चार संसार. काही चुकलं की मालक म्हणणार, "अवो, बघून दाबा की!" पण बघून दाबायचं असतं तर माउस काय वाईट होता? शॉर्टकटची सगळी गंमत न बघण्यातच आहे.

टॅलीत कंट्रोल-ए म्हणजे व्हाऊचर सेव्ह. दिवसभर तेच करणारी बोटं वर्डवर येतात, पत्र संपवतात आणि सवयीनं कंट्रोल-ए मारतात. वर्ड इमानदारीत सगळा मजकूर सिलेक्ट करतो. बोट पुढच्या ओळीसाठी एंटर दाबतं, आणि दोन पानी पत्राला जागच्या जागी मोक्ष. अशा वेळी घाबरून सेव्ह करू नये, फाइल बंद करू नये, आधी कंट्रोल-झेड, म्हणजे केलेलं मागे घेणारा 'अनडू'. टॅलीत मात्र ऑल्ट-डीनं उडवलेलं व्हाऊचर कंट्रोल-झेडला दाद देत नाही, तिथं आदल्या रात्रीचा बॅकअपच वाली. उडवण्याआधी टॅली विचारते, नाही असं नाही. पण दिवसभर 'ॲक्सेप्ट?'ला एंटर मारायची सवय लावायची आणि मग त्याच चेहऱ्यानं 'डिलीट?' विचारायचं, ही कुठली सावधगिरी?

एफ-५चंही तसंच. टॅलीत पेमेंट, एक्सेलमध्ये 'गो टू', आणि पोर्टलवर अर्धा भरलेला फॉर्म कोरा.

एक्सेलचं कंट्रोल-झेड तर भावकीतल्या सामाईक विहिरीसारखं. दोन फायली उघड्या असतील तर दोघींचा अनडू एकच. या फायलीतली चूक मागे घ्यायला जावं, तर आधी त्या फायलीतली बरोबर केलेली बेरीज मागे जाते. वर मॅक्रो, म्हणजे एका फटक्यात अनेक कामं उरकणारी आज्ञावली, चालवला असेल तर विहीर कोरडीच.

लॅरी टेस्लर या माणसाला हे दुखणं फार आधी कळलं होतं. १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत कट-कॉपी-पेस्टला आकार देणाऱ्यांपैकी तो एक. एकाच कळीनं जागा बदलली की अर्थ बदलावा, याचा त्याला इतका तिटकारा की गाडीच्या नंबरप्लेटवर त्यानं 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. आमच्या यार्डात नंबरप्लेटवर 'दादा' असतं. टेस्लरचा त्रास कोणी मनावर घेतलेला नाही.

त्यात प्रत्येकाची आवड वेगळी. एक्सेलमध्ये फॉर्म्युला सोडून नुसता आकडा पेस्ट करायचा, एवढंच काम. जुने मुनीम ऑल्ट, ई, एस, व्ही करतात. तो मेनू २००७ साली पडद्यावरून गेला, कळा अजून चालतात. मधल्या पिढीचं कंट्रोल-ऑल्ट-व्ही, मग व्ही. कॉलेजातून आलेला पोरगा राइट क्लिक करतो आणि दोघांच्याही शिव्या खातो. एकमत फक्त एफ-१वर. एफ-२ दाबून सेल दुरुस्त करायला जावं आणि शेजारच्या एफ-१नं हेल्पची खिडकी उघडावी. म्हणून ती कळ उपटून ड्रॉवरमध्ये टाकणारेही आहेत. मला त्यात गैर काही दिसत नाही.

सगळ्यांत छळवादी जोडी मात्र डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट. चुकून एकत्र दाबली गेली की कीबोर्ड गुपचूप इन्स्क्रिप्ट या मराठी कळरचनेवर जातो. पासवर्डाच्या चौकटीत सगळे ठिपकेच; 'सांगली' इंग्रजी अक्षरांत टाइप केलं तरी आत एकार, ओकार, ल, उकार, त, ग अशी मिसळ पडते आणि पोर्टल म्हणतं, पासवर्ड चुकीचा. उपाय आहे: सेटिंग्जमध्ये 'टायपिंग', तिथं 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', त्यात 'इनपुट लँग्वेज हॉट कीज', आणि 'चेंज की सीक्वेन्स'मध्ये 'नॉट असाइन्ड'. मराठी पत्रं टाइप करणाऱ्याला तेवढं भाषा बदलायचं विंडोज-स्पेसबार सांगून ठेवा. नाहीतर तो येऊन हे सेटिंग परत चालू करून जाईल, आणि कुणाला सांगणारही नाही.